गुलाबी स्कूटर आणि भुवयांचा संप

मी सायलेन्सर बनवतो. म्हणजे चाकणच्या आमच्या कंपनीत ते बनतात आणि मी वेल्डिंगच्या लाइनवर सुपरवायझर म्हणून उभा असतो. लातूर सोडून इकडं आलो तेव्हापासून हाच उद्योग. इंजिनाच्या पोटातून जे काही बाहेर पडतं ते चारचौघांत जरा अदबीनं बाहेर पडावं, एवढीच आमची समाजसेवा. लग्नकार्यात कुणी ‘काय करता’ म्हणून विचारलं आणि मी सांगितलं, की लोक हसू दाबतात. मला त्याची सवय झाली आहे.

पण बायकोनं भाकरी वाढता वाढता, “मी बॅटरीवरची स्कूटर घेणार,” असं जाहीर केलं, तेव्हा मात्र मी हातातला घास ताटात ठेवला.

“तिला सायलेन्सर नसतो,” मी म्हणालो.

“माहीत आहे. सायलेन्सरवाल्याशी लग्न केलंय तेवढं पुरे.”

बायकोचं घरपोच पार्लर आहे. मोशी, भोसरी, चिखली, तळवडे, जिथून फोन येईल तिथं ती पेटी घेऊन जाते. भुवया, फेशियल, नवरीचा मेकअप. तिची जुनी पेट्रोलची स्कूटर रोज कुठंतरी रुसायची. एकदा तळवड्यात नवरी अर्ध्या मेकअपवर बसून राहिली आणि ही रस्त्यावर किक मारत. त्या नवरीचा एक डोळा वरातीला तयार होता आणि दुसरा नुकताच झोपेतून उठल्यासारखा. त्या दिवशी तिनं ठरवलं होतं. मला फक्त कळवायचं बाकी होतं.

“आणि सरकार सबसिडी द्यायलंय,” ती म्हणाली. “पण जून लागला की कमी होणार. गुरुवारी तुम्हाला सुट्टी आहे. जायचं.”

मे महिन्याचा शेवट होता. भोसरीच्या शोरूममध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. सबसिडी कमी होणार ही बातमी सगळ्या एमआयडीसीत पसरली होती आणि ज्याला सायकलसुद्धा नको होती तोही रांगेत उभा होता. कुणाला गाडीची चौकशीच नव्हती. किती पळते, किती चालते, कुणी विचारत नव्हतं. “सबसिडी धरून किती?” एवढाच प्रश्न. घामाघूम झालेली एक सेल्सगर्ल सगळ्यांना एकच पाठ म्हणून दाखवत होती, “केंद्राची सबसिडी किमतीतूनच वजा होते, रोड टॅक्स माफ आहे, चार्जरचं बिल वेगळं होईल.”

माझ्यातला शंकेखोर माणूस जागा झाला. “पण सरकार फुकट कशाला देतंय?”

“काका, प्रदूषण कमी व्हावं म्हणून.”

“आणि चार्जरचं बिल वेगळं का?”

“काका, मागं लाइन आहे.”

बायकोला राखाडी रंग हवा होता. राखाडी संपला होता. काळा, पांढरा, निळा, सगळे संपले होते. उरली होती ती काचेआड ठेवलेली शोची गाडी. गुलाबी. साधी गुलाबी नव्हे, जत्रेतल्या बुढ्ढी के बाल असतात तशी. मी म्हणालो, “पुढच्या महिन्यात येऊ.” बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की मी स्वतःच सेल्सगर्लला शोधायला गेलो.

पूजा शोरूमवाल्यांनीच केली. हळदकुंकू, हार, चाकाखाली लिंबू. फोटोसाठी मी बसावं असं ठरलं. मी बसलो. किल्ली लागलेली होती, पण गाडी शांत होती, म्हणजे माझ्या हिशेबानं बंद होती. आयुष्यभर आवाजाशी संबंध आलेला माणूस मी. आवाज नाही म्हणजे गाडी बंद, यात शंका घेण्यासारखं काय होतं? तर फोटोत जरा रुबाब यावा म्हणून मी मूठ पिळली.

लिंबू चिरडलं हे मला दिसलं. त्यानंतर नारळांची पाटी दिसली, तीही फार जवळून. पुढच्या गिऱ्हाइकांसाठी रचलेले नारळ शोरूमभर गडगडले आणि मी पाण्याच्या कूलरला मिठी मारून थांबलो.

“काका, चालू होती ती!” सेल्सगर्ल ओरडली.

“मग सांगायला काय झालं होतं तिला?” मी म्हणालो. ‘तिला’ म्हणजे गाडीला. पण सेल्सगर्लनं ते स्वतःवर घेतलं आणि नारळ मला गोळा करायला लावले. बायको मागं उभी राहून सगळ्याचा व्हिडिओ काढत होती. तो आमच्या लातूरच्या पाहुण्यांत अजून फिरतो.

पुढच्याच आठवड्यात माझी मोटारसायकल गॅरेजला गेली आणि कंपनीची बस चुकली. बायकोला त्या दिवशी काम नव्हतं. गुलाबी गाडीवर चाकण गाठण्यावाचून इलाज नव्हता. गाडी चालायला मऊ होती, हे कबूल करतो. पण रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांच्या नजरा मऊ नव्हत्या.

गेटवर मॅनेजरसाहेब उभे होते. त्यांनी गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “आज कस्टमर आ रहा है. इसको पीछे लगाओ, स्क्रॅप के पास.” सायलेन्सरच्या कारखान्यात सायलेन्सर नसलेली गाडी म्हणजे मटणाच्या दुकानात माळकरी.

शिफ्ट सुटल्यावर मागं गेलो तर आमच्या लाइनवरच्या लोकांनी एक रिजेक्ट सायलेन्सर तारेनं गाडीला बांधला होता. वर खडूनं लिहिलं होतं, ‘मूकबधिर विद्यालय’. तार इतकी पिळली होती की हातानं सुटेना. म्हटलं, घरी जाऊन पक्कडीनं सोडवू. तसाच गेटवर आलो, तर सिक्युरिटीवाल्यानं आडवा हात केला.

“भाऊ, गेटपास?”

“कसला गेटपास?”

“कंपनीचा माल बाहेर चाललाय.”

“राव, तो मी नेत नाही. तो मला बांधलाय!”

“ते साहेबांना सांगा. माल आहे तर पास पाहिजे.”

मग मॅनेजर पुन्हा खाली आले, मेंटेनन्सवाला पक्कड घेऊन आला, आणि निम्मी शिफ्ट बसच्या खिडक्यांतून मान काढून हसत असताना माझ्या बायकोच्या स्कूटरचा सायलेन्सर उतरवला गेला. पण गंमत पुढं. दुसऱ्या दिवसापासून तेच लोक एकेकटे येऊन कानाशी लागायला लागले. कुणी हात धुताना, कुणी कॅंटीनच्या रांगेत. “भावा, सबसिडी आता किती राहिली? मिसेससाठी विचारतोय.” सगळे मिसेससाठीच विचारत होते. शेवटी मॅनेजरसाहेबांनी विचारलं, तेही मिसेससाठीच.

खरी लढाई मात्र सोसायटीत झाली.

आम्ही मोशीच्या अलीकडं राहतो, तिसऱ्या मजल्यावर. गाडीची बॅटरी काढता येत नाही, त्यामुळे गाडीच प्लगपाशी न्यावी लागते. पार्किंगमध्ये प्लग नाही. बायकोनं बाल्कनीतून एक लांबलचक वायर खाली सोडली आणि स्वतःच्या घरच्या मीटरवर चार्जिंग सुरू केलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्या वायरवर आधी टॉवेल वाळत घातला आणि नंतर तक्रार केली.

आमचे सेक्रेटरी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आहेत. खातं सुटलं, पण नोटीस काढायची खाज गेली नाही. लिफ्टमध्ये नोटीस लागली, ‘पार्किंगमध्ये स्फोटक स्वरूपाची वाहने चार्ज करण्यास सक्त मनाई आहे.’ बायको खाली गेली.

“काका, पार्किंगमध्ये एक पॉइंट द्या. माझ्या मीटरवरून, माझ्या खर्चानं.”

“वहिनी, स्फोट झाला तर?”

“आणि तुमच्या पेट्रोलच्या टाकीत काय, ताक आहे का?”

“नियमात बसत नाही.”

“सरकारनंच सांगितलंय, सोसायट्यांनी अडवू नये म्हणून.”

“सरकार काय आपल्या पार्किंगमध्ये राहायला येणार आहे का?”

एका रविवारी सकाळी खास सभा बोलावली गेली. टेरेसवर खुर्च्या मांडल्या. अध्यक्षस्थानी आबा. आबा म्हणजे या जमिनीचे मूळ मालक. बिल्डरला जमीन दिली, बदल्यात फ्लॅट घेतले आणि आता खालच्या मजल्यावर राहतात. पांढरी टोपी, बोटांत अंगठ्या आणि दारात एक दांडगी डिझेलची गाडी. सोसायटीची नोंदणी झाली, मालकी सगळ्यांच्या नावावर आली, पण आबांच्या डोक्यात हे अजून त्यांचंच वावर आहे आणि आम्ही सगळे त्यात उगवलेलं काहीतरी.

सेक्रेटरींनी मोबाइलवर जळणाऱ्या स्कूटरचा एक व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. तो कुठल्या देशातला होता कोण जाणे, मागं बर्फ पडत होता. पुरुषमंडळी गंभीर झाली. आबा म्हणाले, “आमच्या येळंला बैलाला चारा टाकायचा. तारा टाकून गाडी चारायची ह्ये काय आपल्याला पटत न्हाई.” हात वर झाले. ठराव नामंजूर. मीही हात वर करायला गेलो होतो, बायकोच्या बाजूनं, पण गडबडीत तो विरोधात मोजला गेला. त्यावर घरी जे बोलणं झालं ते इथं देत नाही.

बायको मात्र टेरेसवरच उभी राहिली.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “गाडी चार्ज होणार नसेल तर मला काम जमणार नाही. आजपासून या सोसायटीत मी कुणाच्या भुवया करणार नाही. फेशियल नाही, मेंदी नाही, काहीच नाही.”

पुरुष हसले. सेक्रेटरी सगळ्यांत मोठ्यानं हसले. एकाही बाईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

कारण आबांच्या नातीचं लग्न तोंडावर आलं होतं. जून संपायच्या आतला मुहूर्त. हळद, संगीत, लग्न, पूजा, सगळ्याचं काम बायकोकडं होतं. नवरीचं, नवरीच्या आईचं, आत्यांचं, मावश्यांचं, आणि सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायकांचं, कारण सगळ्यांना आमंत्रण होतं. मोसम लग्नाचा. बाहेरच्या पार्लरवाल्या बुक झालेल्या. जी एक मिळाली तिनं सेक्रेटरींच्या बायकोची एक भुवई अशी उडवली की बाई कायम काहीतरी विचारतायत असं वाटायचं. सेक्रेटरी जेवायला बसले की समोर तो प्रश्न. दोन-तीन दिवसांत त्यांची भूक गेली, असं ते स्वतःच नंतर सांगत.

खालच्या मजल्यावर तर आगच लागली होती. आबांची मंडळी, आम्ही सगळे त्यांना आजी म्हणतो, मुलखाच्या शांत बाई. आबा बोलायचे आणि त्या मान हलवायच्या, एवढंच आम्ही इतक्या वर्षांत पाहिलेलं. एका संध्याकाळी त्या जिना चढून आमच्याकडं आल्या. बायकोनं पाणी दिलं.

“पोरी, ह्यांनी हात वर केला, म्या न्हाई,” आजी म्हणाल्या.

“आजी, तुमच्यावर राग नाही. पण एकीचं केलं तर संप कसला?”

“करूच नगं. आमी पन सैपाक करीत न्हाई.”

आजींनी खरंच केलं. म्हणजे केलं नाही. लग्नघर, पाहुणे आलेले, आणि चूल बंद. आबांनी दोन वेळा हॉटेलातून मागवलं. तिसऱ्या वेळी ते पांढरी टोपी हातात घेऊन आमच्या दारात उभे होते. मी दार उघडलं.

“सूनबाईला बोलवा,” ते म्हणाले. बायको आली. “तुला किती पलग पायजेत?”

“एकच, आबा.”

“घे. माज्या पार्किंगच्या खांबावर घे. पन उद्या सकाळी खाली ये. माजी नात रडून रडून सुजलीय, तिचं थोबाड पैलं सरळ कर.”

सेक्रेटरींनी तातडीनं दुसरी सभा घेतली. ठराव एकमतानं मंजूर. या वेळी मी हात खिशात ठेवला होता. सेक्रेटरींनी आपली इभ्रत राखायला एक अट घातली: आमच्या मीटरपासून खांबापर्यंत वेगळी केबल, वेगळा स्विच, सगळं पक्क्या इलेक्ट्रिशियनकडून आणि खर्च आमचा. अट रास्त होती, पण इलेक्ट्रिशियननं सांगितलेला आकडा ऐकून मी खुर्ची ओढून बसलो.

त्याच सुमारास मला एक फोन यायला लागला. अनोळखी नंबर. “सर, तुमच्या गाडीच्या चार्जरचे पैसे परत करायचे आहेत.” मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पैसे परत! पैसे मागायला फोन येतात, द्यायला कोण फोन करतं? कंपनीत सायबर फसवणुकीवर नुकतंच ट्रेनिंग झालं होतं, त्यामुळे मी तयारीत होतो. गाडी बायकोच्या नावावर, पण फोन नंबर माझा दिलेला. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी त्या मुलीला माझ्याजवळचा सगळा शब्दसाठा ऐकवला.

मग तिचा सूरच बदलला.

“काका, तुम्ही लातूरचे का?”

मी फोन कानापासून लांब धरून नंबर पुन्हा पाहिला.

“शिव्यांवरून कळलं. मी औशाची. सकाळपास्नं लोकं मला शिव्याच देऊ लालेत, पण गावाकडच्या आज पहिल्यांदाच ऐकल्या. बरं वाटलं बघा. आता ऐका. चार्जर गाडीच्या किमतीतच धरायला पाहिजे होता, वेगळे पैसे घ्यायचे नव्हते. तसं सरकारनं सांगितलं, म्हणून कंपनी परत द्यायलीय. ओटीपी मागत नाही, काही मागत नाही. शोरूमला बिल घेऊन जा आणि खात्री करा.”

शोरूमला गेलो. खरं होतं. तीच सेल्सगर्ल होती. तिनं आधी नारळांची पाटी उचलून काउंटरच्या मागं ठेवली आणि मग माझ्याशी बोलली. काही दिवसांनी पैसे बायकोच्या खात्यात आले, आणि केबलचा बराचसा खर्च त्यातच निघाला. औशाच्या त्या मुलीला धन्यवाद द्यायला मी उलट फोन लावला, तर एक यंत्र म्हणालं की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. यंत्राला काय धन्यवाद देणार, मी फोन ठेवला.

लग्न झोकात झालं. सगळ्या सोसायटीच्या भुवया जागेवर होत्या. सेक्रेटरींच्या बायकोची उडालेली भुवईसुद्धा माझ्या बायकोनं पेन्सिल फिरवून खाली आणली, आणि सेक्रेटरींना त्या दिवशी पंगतीत दोनदा वाढून घेताना मी पाहिलं.

त्यानंतर त्यांना शोध लागला की ज्या सोसायट्या चार्जिंगची सोय करतात त्यांना मिळकतकरात सवलत द्यावी, असं राज्याच्या धोरणात म्हटलंय. झालं. जो माणूस लिफ्टमध्ये ‘स्फोटक’ लिहीत होता त्यानं सोसायटीच्या खर्चानं आणखी दोन पॉइंट बसवले, वर पत्र्याची शेड टाकली, रिबीन लावली आणि आबांच्या हस्ते उद्घाटन ठेवलं. भाषणात म्हणाले, “ही संकल्पना माझ्या मनात फार पूर्वीपासून घोळत होती.” बायको पेढे वाटत होती. तिनं त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, “काका, घोळताना आवाज नाही आला.” ती सवलत मिळाली की नाही ते विचारलं, की सेक्रेटरी टाकीच्या सफाईचा विषय काढतात.

आबांचं वेगळंच. रोड टॅक्स माफ आहे हे त्यांना उद्घाटनातल्या भाषणात पहिल्यांदा कळलं.

“टॅक्सच न्हाई?” त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

“नाही आबा.”

“लबाडीनं न्हवं? कायद्यानं?”

“कायद्यानं.”

दसऱ्याला दारात इलेक्ट्रिक मोटार उभी. डिझेलची गाडी पोराला दिली. सरकारला काही न देता काहीतरी विकत घेता आलं, याचा आनंद त्यांना एवढा होता की येईल त्याला ते गाडीऐवजी पावती दाखवायचे. मोटार रोज दोन-चार किलोमीटर फिरवायची आणि दिवसभर प्लगला लावून ठेवायची, अशी त्यांची पद्धत. वीज कुठं पळून जाते की काय अशी भीती. एकदा खांबावरच्या आमच्या प्लगलाही त्यांची वायर दिसली तेव्हा बायकोनं ती काढली, नीट गुंडाळली आणि त्यांच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवली. आबांनी ती आत नेऊन ठेवली. घरात अजून एक नात लग्नाची आहे.

पण या सगळ्यात मला जे पाहायला मिळालं ते कुठल्याच धोरणात नव्हतं. पावसाळा संपल्यावर एका दुपारी आजी बायकोला म्हणाल्या, “मला शिकव की ती गुलाबी.” आयुष्यात त्यांनी सायकल चालवलेली नव्हती. बायकोनं पार्किंगमध्ये त्यांना बसवलं, मागून धरलं. नऊवारीचा काष्टा असल्यानं बसायला काही अडचण नव्हती. पहिले काही दिवस त्या फक्त खांबांभोवती फिरल्या. एका खांबाचा रंग गेला, तो सेक्रेटरींनी स्वतः लावून घेतला, तक्रार न करता. आजींनी रीतसर लर्निंग लायसनही काढलं. परीक्षेत कुठल्या खुणेचा काय अर्थ ते सगळं बरोबर सांगितलं आणि घरी येऊन म्हणाल्या, “ह्यातली एक बी खूण आपल्या रस्त्याला कुटं लावलेली न्हाई.”

गेल्या हिवाळ्यात माझी गुरुवारची सुट्टी होती. मी खाली माझी मोटारसायकल पुसत होतो. आबा बनियनवर बाहेर आले, मोटारीच्या प्लगवरून हात फिरवला आणि आत हाक मारली. पुन्हा हाक मारली.

“आजी बाजारात गेल्यात,” मी म्हणालो. “भाजी आणायला. पुढं त्या, मागं माझी बायको.”

“कदी गेली? मी आत दाराशीच तर बसलो होतो. आवाज कसा न्हाई आला?”

मी फडकं पिळलं. आबा आत जाऊन सदरा घालून आले, टोपी नीट केली आणि गेटाशी खुर्ची टाकून बसले. “जाताना ऐकू आली न्हाई, येताना तरी बघतो,” ते म्हणाले.